श्रवणाची वायर

"...तेवढा आकडा सांगा, बुवा. बाकी माझं मी बघतो. कुठून पुसायला घेऊ?"

भारतीबुवा पायरीवर बसून वाटाणे सोलत होते.

"काय पुसायचंय?"

"पेटीच्या मेमरीतलं सगळं जुनं. किल्ली तेवढी सोडून."

"किल्ली कुठे आहे?"

"त्याच मेमरीत. नेमकी कुठे ते कळत नाही, म्हणून तर आलो. या जातीच्या पेट्या तुम्ही पुष्कळ उघडल्यात. किल्ली कुठे संपते ते सांगा, तिथून पुढचं पुसून टाकतो."

"आणि अंदाज थोडा चुकला तर?"

रणजितनं मांडीवरची पेटी उगाच सरळ केली.

बुवांनी एक शेंग उघडली. आत दाणा नव्हता. त्यांनी ती गाईच्या टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली.

कोयनेच्या खोऱ्यात एका टेकाडावर हा मठ आहे. भारतीबुवा संन्यास घेण्याआधी टेलिफोनच्या यंत्रांचे इंजिनिअर होते. संन्यास घेताना त्यांनी घर सोडलं, नाव सोडलं, पगार सोडला. सोल्डरिंगचं सामान मात्र पिशवीत घालून बरोबर आणलं. देवाची याला हरकत नसावी. निदान आजवर त्यानं तसं कळवलेलं नाही.

मठात दर्शनाला येणारे थोडे, पेट्या घेऊन येणारे जास्त.

पेटी म्हणजे घरातल्या वाय-फायला जोडून ठेवायची, सगळ्यांचे फोटो आणि फायली सांभाळणारी पेटी. आत एक हार्डडिस्क, आणि तिच्यावर देखरेख करायला एक चिमुकला कॉम्प्युटर. साधा माणूस ही पेटी कपाटावर ठेवतो आणि विसरून जातो. पण एक जमात अशी आहे की तिला हे बघवत नाही. ही मंडळी झाकण उघडतात, कंपनीनं आत घातलेली यंत्रणा काढून टाकतात आणि तिथे लिनक्स नावाची मोकळी यंत्रणा बसवतात. मग तीच पेटी गच्चीवरच्या टाकीत पाणी किती ते सांगते, दारातली बेल फोनवर वाजवते, सकाळी भूपाळी लावते. सरळ एखादा जुना कॉम्प्युटर घेतला तर हे सगळं सोपं होईल. सोपं होईल म्हणूनच ही मंडळी तो घेत नाहीत.

कोल्हापूरचा रणजित इंगवले या जमातीतलं मोठं नाव होतं. पेटी अडली की लोक त्याला विचारत. तो उत्तर देई, आणि उत्तराआधी तुम्ही किती मूर्ख आहात तेही सांगे. लोक दोन्ही ऐकून घेत, कारण उत्तर बरोबर असायचं.

आज त्याच्या मांडीवर जी पेटी होती ती त्याची नव्हती. ती त्याच्या थोरल्या बहिणीची, वैजूताईची होती.

पेटीत त्यांच्या आईचा आवाज होता.

आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनच्या आधी ताईनं आईला समोर बसवलं आणि नातीसाठी, म्हणजे ताईच्या इरासाठी, गोष्टी सांगायला लावल्या. जेवढ्या आठवतील तेवढ्या. ते सगळं रेकॉर्ड करून तिनं पेटीत ठेवलं. दुसरीकडे एक नक्कल ठेव, असं तिला सगळे म्हणत. तिलाही ते पटत होतं. राहून जात होतं.

आई वाचली. आता ती पाटीवर लिहून बोलते.

मग रणजित ताईकडे राहायला गेला. कपाटावरची पेटी बघून म्हणाला, "एवढं गुणी यंत्र, आणि नुसतं फायली सांभाळत बसवलंय?" ताई कामावर गेली होती. त्यानं ठरवलं, ती परत येईपर्यंत पेटीचं सोनं करून ठेवायचं. नवी यंत्रणा अर्धी बसली आणि लाइट गेली.

लाइट आली तेव्हा पेटीवर लाल दिवा होता.

डिस्क शाबूत होती. पण ती कुलूपबंद होती, आणि कुलपाची किल्ली होती पेटीच्याच मेमरीत. डिस्क काढून दुसरीकडे लावली की नुसता गाळ दिसायचा. म्हणजे किल्ली पुसली गेली की आवाज गेला. कायमचा.

वैजूताईनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "आईला तू सांग."

त्यानं अजून सांगितलं नव्हतं.

"लाइट गेली हो, बुवा," रणजित म्हणाला. "नाहीतर माझ्या हातून असं होत नाही."

"तुमच्याकडे लाइट पहिल्यांदाच गेली का?"



"आकडा..." तो पुन्हा म्हणाला.

"आकडा देतो. आधी तिला विचारू. जोड."

रणजितनं पायरीवरच लॅपटॉप उघडला. पेटीचं झाकण काढलं. आतल्या हिरव्या पट्टीवर एका कोपऱ्यात टाचण्यांसारख्या बारीक काड्या असतात. कारखान्यातल्या लोकांसाठी ठेवलेलं ते मागचं दार. तिथे तीन वायरी लावतात. एक अर्थिंगची. एक पेटीचं बोलणं आपल्यापर्यंत आणणारी. एक आपलं बोलणं पेटीपर्यंत नेणारी. एवढं केलं की पेटी सुरू होताना स्वतःशी जे पुटपुटते ते लॅपटॉपवर वाचता येतं, आणि तिला हुकूमही देता येतात.

रणजितचे हात झपाझप चालत होते. बघत राहावं असे हात होते ते, हे मान्य करायला हवं.

"आता गंमत बघा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जुना रणजित परत आला होता. "पेटी जागी होताना तीन सेकंद थांबते. त्या तीन सेकंदांत कुठलीही कळ दाबली की ती पुढे जात नाही, आपल्या ताब्यात येते. लोकांचं हे हुकतं. बिचारे कळ बडवत बसतात. मी प्रोग्रॅमच लिहिलाय. तिनं तोंड उघडलं रे उघडलं की माझी कळ आपोआप जाते. आजवर एकदाही हुकलेली नाही."

त्यानं वीज दिली. पडद्यावर दोन ओळी आल्या. तिसरी ओळ अर्धीच आली आणि थांबली. खाली रणजितच्या हुकमाची वाट बघत एक चौकोन लुकलुकायला लागला.

"बघितलंत?"

"बघितलं. पुढे ती काय म्हणणार होती?"

"पुढे काय म्हणणार? इथून पुढे माझं राज्य."

"तू अडवलं नसतंस, तर काय म्हणाली असती?"

"काही नाही. मेलेलीच आहे ती. नुसती लावली की लाल दिवा लागतो."

"मग?"

"मग मी बंद करतो. कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, लाल म्हणजे संपलं."

"पुस्तकात लिहिलंय," बुवा म्हणाले. "ती काय म्हणते ते विचारतोय मी."

रणजितला राग आला. कोल्हापूरपासून मोटारसायकलवर एवढा घाट चढून आला होता तो, एका आकड्यासाठी.

बुवांनी वाटाण्यांची परात बाजूला सारली. हात धोतराला पुसले. वाकले. आणि त्या तीन वायरींमधली एक अलगद उपटून काढली.

"अहो! ती बोलायची वायर आहे!"

"हो."

"ती काढल्यावर मी तिला काही सांगूच शकणार नाही!"

"ऐकू येईल की."

रणजित त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याला आठवलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

मठाची एक रीत आहे. नव्यानं शिकायला येणाऱ्याला बुवा तीन वायरी देत नाहीत, दोनच देतात. अर्थिंगची आणि ऐकायची. मठात तिला श्रवणाची वायर म्हणतात. पेटी चालू करायची, ती काय बोलते ते वाचायचं, बंद करायची. परत चालू करायची, परत वाचायचं. किती दिवस, ते बुवा सांगत नाहीत. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आणि बाकीचं नंतर, असं ते एकदा कुणालातरी म्हणाले होते म्हणतात. पण बुवांच्या नावावर खपवलेलं पुष्कळ आहे.

रणजितही कधीकाळी इथे शिकायला आला होता. दोन दिवस त्यानं श्रवण केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलून गेला. बाकीचं इंटरनेटवर शिकला, आणि उत्तम शिकला.

"परत तेच?" तो म्हणाला. "बुवा, मी आता नवशिका नाही."

"तेच म्हणतोय मी. नवशिका होतास तेव्हा दोन दिवस तरी ऐकलंस."

...

"लाव."

रणजितनं चडफडत वीज दिली.

पडद्यावर ओळी आल्या. तीन सेकंदांची ती ओळ आली. त्याच्या प्रोग्रॅमनं कळ पाठवली. एकदा नाही, दहादा पाठवली. ती कुठेच पोचली नाही. तीन... दोन... एक... आणि ज्या ओळीच्या पुढे रणजित कधी गेला नव्हता, तिच्या पुढे पेटी गेली.

इंग्रजीत ओळी येत होत्या. त्यांचा अर्थ एवढाच होता: यंत्रणेची पहिली प्रत वाचतेय. पहिली प्रत बिघडलेली आहे.

लाल दिवा लागला.

"झालं," रणजित म्हणाला. "सांगत होतो ना?"

पडद्यावर पुढे काहीच आलं नाही. चौकोनसुद्धा लुकलुकत नव्हता. पेटीतून आवाज नाही. रणजितचा हात सवयीनं विजेच्या बटणाकडे गेला.

"हात," बुवा म्हणाले.

ते भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले होते. हात कुठे गेला ते त्यांना कसं दिसलं, देव जाणे.

रणजितनं हात मागे घेतला.

...

आतून यमुनामावशींनी हाक दिली. मठाचं स्वयंपाकघर त्यांचं. "बुवा, वाटाणं झालं का न्हाई? उसळ आज करायची का उद्याला?"

"होतायत, होतायत."

बुवांनी डोळे न उघडता परात रणजितकडे सरकवली. रणजित परातीकडे बघत बसला. मग त्यानं एक शेंग उचलली. लॅपटॉपवर बोटं जशी चालायची तशी शेंगेवर चालेनात. दाणे उडून पायरीखाली गेले.

"बुवा, ही वेळ वाया चाललीय," थोड्या वेळानं तो म्हणाला. "मेमरी पुसायची, नवं टाकायचं, आतून किल्ली वाचायची. सरळ काम आहे. तुम्ही आकडा सांगा, मी तासाभरात..."

बुवा काही बोलले नाहीत.

"...नाहीतर अंदाजानं करतो. माझा अंदाज सहसा चुकत नाही."

बुवा काही बोलले नाहीत.

पडदाही काही बोलला नाही. ऊन पायरीवरून खाली उतरलं. रणजितनं आणखी शेंगा सोलल्या. एकदा उठून पेटीला कान लावून आला. परत बसला. बोलायला कुणी नव्हतं, कारण बुवा झोपले असावेत असं वाटत होतं. म्हणूनच तो बोलला असेल.

"आईनं परवा पाटीवर लिहिलं, इराला गोष्ट लाव, झोपत नाहीये. मी म्हटलं, पेटी दुरुस्तीला दिलीय. तिनं मान डोलावली. विश्वास ठेवला हो तिनं..."

एक शेंग त्याच्या हातात तशीच राहिली.

"मला तिचा आवाज आठवत नाहीये, बुवा. घाट चढताना सगळा वेळ आठवायचा प्रयत्न करत होतो. नुसतं पाटीवरचं अक्षर दिसतं. मी भयंकर घाबरलोय."

हे तो पहिल्यांदाच म्हणत होता. ताईसमोरही म्हणाला नव्हता.

बुवांनी डोळे उघडले. रणजितकडे बघितलं, मग पडद्याकडे.

...

पडद्यावर एक ओळ उमटली.

दुसरी प्रत सापडली.

रणजितच्या हातातली शेंग खाली पडली. कंपनीतल्या कुणा अनामिक माणसानं ही पेटी बनवताना मेमरीच्या पार तळाशी तिच्या यंत्रणेची आणखी एक प्रत ठेवून दिली होती. पहिली बिघडली तर ही. पुस्तकात ते लिहायला बहुधा विसरला होता. ती शोधायला आणि तपासायला पेटीला फार वेळ लागत होता, कारण पेटी गरीब होती आणि हळू होती. आणि आजवर तिला तेवढा वेळ मिळाला नव्हता; कधी कळ आडवी आली, कधी बटण.

दुसरी प्रत तपासतेय...

ठीक आहे.

मग ओळींचा पूर आला. वाचता येणार नाही अशा वेगानं त्या वर सरकत गेल्या. आतला पंखा घरघरला. डिस्क फिरायला लागली. तीच जुनी, मंद, रणजितला मुळीच न आवडणारी कंपनीची यंत्रणा उठून बसली, तिनं आपली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

दिवा हिरवा झाला.

रणजितनं दिव्यावर बोट टेकवून बघितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"आत दुसरी प्रत आहे हे माहीत नव्हतं?"

"काहींत असते. काहींत नसते."

"मग वायर का काढलीत?"

"तू बोलत होतास."

यानंतरचं काम साधं होतं. गोष्टींच्या सगळ्या फायली लॅपटॉपवर आल्या. बुवांनी आतून मठाची एक डिस्क आणून दिली, तिच्यावर दुसरी नक्कल झाली. रणजित एकही शब्द न बोलता हे करत होता. यमुनामावशी येऊन परात घेऊन गेल्या, आणि जाताना पायरीखालचे दाणे वेचत पुटपुटत गेल्या.

"नक्कल नीट झाली का?" बुवांनी विचारलं.

"झाली."

"उघडून बघितलीस?"

रणजित थांबला. नक्कल करायची आणि उघडून बघायची नाही, यावरून त्यानं आजवर किती जणांना मूर्ख ठरवलं होतं. पण ही फाइल उघडायची त्याला भीती वाटत होती.

त्यानं एक फाइल निवडली. कुठली ते न बघता.

आधी भांड्याचा आवाज आला. मग कुणीतरी खाकरलं. मग आईचा आवाज.

"...तर खेकडा निघाला लग्नाला. नवाकोरा फेटा बांधला. आता खेकडा चालतो तिरका. जायचंय नदीपल्याड, आणि हा चाललाय नदीच्या कडेकडेनं. वाटेत भेटली बेडकीण. म्हणाली, काय हो पाव्हणं, कुणीकडं?"

"आजी, पोचला का तो लग्नाला?" लहान मुलीचा आवाज. इरा.

"अगं दम धर की जरा! सांगतेय न्हवं मी? अगदी मामाच्या वळणावर गेलीस बघ. त्याला पण आधी शेवट पायजे असायचा. शेवट सांगितला की पळाला खेळायला. एक गोष्ट कधी धड ऐकली नाही त्या पोरानं. बरं, कुठं होतो आपण? हां, बेडकीण..."

रणजित रडायला लागला. मोठ्यानं रडला, लहान मूल रडतं तसा. तोंडावर हात ठेवायचंही त्याला सुचलं नाही. आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

बुवा ऐकत होते.

बऱ्याच वेळानं रणजितनं बाहीनं डोळे पुसले. नाक ओढलं. आता तो हसत होता.

"आहे, बुवा. सगळं आहे. आवाज अगदी स्वच्छ आलाय. ताईला फोन करतो आधी. आणि आईला... आईला सगळं सांगतो आजच. बंद करतो हे."

त्याचं बोट कळेवर गेलं.

बुवा थोडे पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, अगदी खरी.

"अरे, पण खेकड्याचं काय? पोचला का तो लग्नाला?"